टीका पिक्चरवर होती, महाराजांवर नव्हती

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढी हात जोडून विनंती.

विषय आहे सिनेमाचं परीक्षण लिहिणाऱ्यांना पडणाऱ्या शिव्यांचा. तुम्ही म्हणाल, सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन-कपाशी नेली, मोसंबीवाला रडतोय आणि ह्याला पिक्चरचं सुचतंय. थांबा. शेवटी आपल्या जिल्ह्याकडंच येणार आहे.

५ डिसेंबर २०२५ ला 'धुरंधर' लागला. पोरांना वेड लावलं त्यानं. अक्षय खन्नाच्या एंट्रीच्या रील्स आपल्या गावातल्या पोरांनी गच्चीवर, एमआयडीसीच्या रस्त्यावर, लग्नाच्या वरातीतसुद्धा केल्या. चांगलंच आहे, करमणूक हवीच. पण ज्या समीक्षकांनी पिक्चरला कमी मार्क दिले त्यांच्यावर सोशल मीडियावर असा मारा झाला, की त्यांच्या 'फिल्म क्रिटिक्स गिल्ड' या संघटनेला निषेधाचं पत्रक काढावं लागलं. अनुपमा चोप्रा किती वर्षांपासून सिनेमावर लिहिताहेत, बोलताहेत. त्यांच्या परीक्षणाचा व्हिडिओच यूट्यूबवर दिसेनासा झाला. मत पटलं नाही म्हणून कुणी मुद्द्यानं खोडलं असतं तर काहीच हरकत नव्हती. पण आई-बहिणीवरून शिव्या, धमक्या, 'देशद्रोही' वगैरे शिक्के, असा सगळा प्रकार होता.

हे वाचताना मला आपला फेब्रुवारी आठवला.

१४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' आला. जालन्यातच काय, भोकरदन-जाफराबादकडून, मंठ्याकडून ट्रॅक्टर-टेम्पो भरून पोरं बघायला आली. भगवे फेटे, घोषणा, शो सुटल्यावर रडणारी माणसं, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यात खोटं काही नव्हतं. संभाजी महाराजांचं बलिदान पडद्यावर बघून ज्याच्या डोळ्यात पाणी येणार नाही तो मराठी माणूस कसला!

पण परीक्षणं संमिश्र आली. विकी कौशलच्या कामाचं बहुतेकांनी कौतुक केलं. काहींनी लिहिलं की आरडाओरडा फार आहे, रहमानचं संगीत त्या काळाशी जुळत नाही, येसूबाईंच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. मीही माझ्या वॉलवर दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या. काम उत्तम, शेवट अंगावर येतो, पण १६८० ते १६८९ अशी नऊ वर्षं एकाच वेळी मुघल, सिद्दी आणि पोर्तुगीज अंगावर घेणाऱ्या राजाचा कारभार आणि राजकारण फार कमी दिसलं, असा माझा सूर होता. एवढंच.

रात्रीतून दोनशेच्या वर कमेंट. 'किती पैसे घेतले?' 'तुझ्या अंगात मावळ्याचं रक्त नाही.' 'जालन्यातच राहायचंय ना?' पंचवीस वर्षं मी या गावात बातमीदारी करतोय. नगरपालिकेच्या टेंडरवर लिहिलं, वाळूवर लिहिलं. तेव्हाही धमक्या आल्या, पण त्या ज्यांचं नुकसान होत होतं त्यांच्याकडून आल्या. यावेळी धमकी देणाऱ्यांचं माझ्या दहा ओळींनी कवडीचंही नुकसान झालेलं नव्हतं. गंमत म्हणजे त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे होते.

त्यातला एक माझ्या मित्राचा मुलगा. इंजिनिअरिंगला आहे, गुणी पोरगा. गांधी चमनला चहाच्या टपरीवर भेटला. मान खाली घालून उभा. मीच विषय काढला.

"अरे, तू पण लिहिलंस खाली?"

"काका, तुम्ही काहून लिहिलं पण असं? महाराजांवर टीका करायची काय गरज होती?"

"महाराजांवर कुठं केली? पिक्चरवर केली. कोणतं वाक्य खटकलं ते सांग."

"सगळं वाचलं नाही काका. ग्रुपवर स्क्रीनशॉट आला होता."

"आणि पिक्चर?"

"रविवारचं तिकीट आहे."

म्हणजे पोरानं माझं लिखाण पूर्ण वाचलं नव्हतं आणि पिक्चरही पाहिला नव्हता. तरी त्याला मनापासून राग आला होता. तो खोटं बोलत नव्हता, हीच खरी अडचण आहे.

हे फक्त आपल्याकडं घडतं असं समजू नका. २०१२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत बॅटमॅनचा 'द डार्क नाइट राइझेस' येणार होता. तिकडं 'रॉटन टोमॅटोज' नावाची वेबसाइट आहे, समीक्षकांची मतं गोळा करून ती टक्केवारी देते. मार्शल फाइन नावाच्या समीक्षकानं पहिलं नकारात्मक परीक्षण टाकलं आणि त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शेवटी वेबसाइटला त्या पिक्चरखालच्या कमेंट बंद कराव्या लागल्या. यातली खरी गोष्ट पुढं आहे. पिक्चर तोवर थिएटरात लागलेलाच नव्हता. धमक्या देणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच तो पाहिला नव्हता! २०१६ मध्ये 'सुइसाइड स्क्वाड' या सुपरहिरोपटाच्या वेळी तर ती वेबसाइटच बंद करा म्हणून ऑनलाइन अर्ज निघाला, हजारो लोकांनी सह्या केल्या. तोही पिक्चर लागायच्या आधी.

चाहता पिक्चर बघायच्या आधीच ठरवून बसलेला असतो, की हा भारीच असणार. ट्रेलर, पोस्टर, गाणी, रील्स यांनी महिनाभर त्याच्या मनात एक पिक्चर तयार केलेला असतो. समीक्षक त्या मनातल्या पिक्चरवर हात घालतो. म्हणून ते इतकं लागतं. बॅटमॅनच्या बाबतीत ते कॉमिकच्या पुस्तकातलं पात्र होतं, तरी ही गत. इथं तर साक्षात छत्रपतींचं नाव.

आता चाहत्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती अगदीच बिनबुडाची नाही.

पहिली गोष्ट, काही समीक्षक खरोखरच वरून खाली बघितल्यासारखं लिहितात. मुंबईत एसी हॉलमध्ये, प्रेससाठी ठेवलेल्या शोला बसून, इंग्रजीत लिहायचं, की हा पिक्चर शिट्ट्या मारणाऱ्यांसाठी आहे. शिट्ट्या मारणारा म्हणजे कोण? बदनापूरचा, परतूरचा माझा वाचक. दिवसभर राबून तो घरच्यांना घेऊन येतो. चौघांची तिकिटं, मुलांचं पॉपकॉर्न, येण्या-जाण्याचं पेट्रोल धरलं तर हजार-दीड हजाराला फोडणी. त्याच्या आनंदाला कुणी गावंढळ म्हटलं तर त्यानं चिडू नये का? चिडावंच. ज्याला पिक्चरमधल्या माणसांबद्दल आणि पिक्चर बघणाऱ्या माणसांबद्दल आपुलकी नाही, त्यानं परीक्षण लिहू नये असं माझंही मत आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. 'किती घेतले?' हा प्रश्न मला बोचला, पण तो हवेतून आलेला नाही. यूट्यूबवर पैसे घेऊन पिक्चर डोक्यावर घेणारे आहेत, पाडणारेही असतील. आणि आमच्या धंद्यानं तर लोकांना संशय घ्यायचा हक्कच देऊन ठेवलाय. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या पेपरांनी उमेदवारांच्या जाहिराती बातम्या म्हणून छापल्याचं गाजलं होतं. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून गावागावांत गेला. प्रेस कौन्सिलला त्यावर चौकशी करावी लागली. तेव्हा वाचकानं पत्रकाराला 'कुणाचे पैसे घेतले' विचारलं तर मी कानाला खडा लावून ऐकून घेतो.

फक्त एक विचारतो. हा प्रश्न वाईट लिहिणाऱ्यालाच का? पाच पैकी पाच स्टार देणाऱ्याला 'किती घेतले?' असं कुणी विचारल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. व्यवहाराच्या भाषेत बोलायचं तर पैसे देणारा कोण असतो? ज्याला तिकीट विकायचंय तो. मग संशय आधी कुणावर जायला हवा? आणि 'छावा'नं देशात सुमारे ६०० कोटींचा गल्ला केला. एवढ्या मोठ्या पिक्चरला माझ्या दहा ओळींपासून किंवा मुंबईच्या कुण्या समीक्षकाच्या अडीच स्टारपासून कुणी वाचवायची गरज होती का?

आता मूळ मुद्दा. 'पिक्चरवर टीका म्हणजे महाराजांवर टीका.' हे समीकरण आपल्या डोक्यात कुणी बसवलं?

जरा मागं जा. जानेवारीत 'छावा'चा ट्रेलर आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले होते. संभाजीराजे छत्रपतींनी आक्षेप घेतला, मंत्री उदय सामंत बोलले, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना जाऊन भेटले आणि तो प्रसंग काढून टाकत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. पिक्चर आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणावर हरकत घेतली, तेव्हा उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे पिक्चर हे माणसानं केलेलं काम आहे, त्यात चुकू शकतं, टीका ऐकून बदलता येतं, हे खुद्द ज्यानं पिक्चर काढला त्यानं मान्य केलं. त्या टीकेला तुम्ही-आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग समीक्षकानंच तुमचं काय घोडं मारलं? नेत्यानं आक्षेप घेतला तर ती अस्मिता आणि लेखकानं घेतला तर ती गद्दारी?

त्याच पिक्चरमध्ये काम केलेल्या आस्ताद काळे या मराठी अभिनेत्याचं काय झालं, तेही आठवा. एप्रिलमध्ये त्यानं फेसबुकवर स्पष्ट लिहिलं, की पिक्चर त्याला वाईट वाटला आणि इतिहासाच्या अंगानं त्यातल्या काही गोष्टी खटकल्या. त्याचं मत तुम्हाला पटो न पटो. मलाही ते पूर्ण पटलं नाही. पण स्वतः त्या सेटवर उभा राहिलेला माणूस बोलत होता. त्याच्या मुद्द्यांना उत्तरं किती जणांनी दिली? 'पैसे घेताना गोड लागले का', 'औरंग्याची अवलाद', याच्या पलीकडं कितीशी चर्चा गेली? ती पोस्ट नंतर दिसेनाशी झाली. एक माणूस गप्प झाला. यात महाराजांचा कोणता सन्मान झाला, मला कळत नाही.

पिक्चर आणि इतिहास यातली रेघ पुसली की काय होतं त्याचे दोन नमुने याच 'छावा'नं दाखवले. गुजरातेत भरूचला एका प्रेक्षकानं महाराजांच्या छळाचा प्रसंग बघून थिएटरचा पडदाच फाडला. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री मोबाइलच्या उजेडात शेतं खणत बसले, कारण पिक्चरमध्ये बऱ्हाणपूर म्हणजे मुघलांच्या खजिन्याचं ठिकाण असं दाखवलं होतं. हसू येतं ना? पण पडदा फाडणारा, शेत खणणारा आणि न वाचता शिवी घालणारा, तिघांचीही चूक एकच आहे.

आता जे सांगतो ते नीट वाचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

आज ज्या संभाजी महाराजांसाठी तुम्ही घोषणा देता, त्या संभाजी महाराजांची ही प्रतिमा शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाच्या मनात नव्हती. खोटं वाटत असेल तर घरातल्या जुन्या पुस्तकांत बघा. तेव्हा लोकांना माहीत असलेला संभाजी म्हणजे व्यसनी, रागीट, बापाचं राज्य घालवणारा मुलगा. हे चित्र आलं कुठून? मोठ्या प्रमाणात मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून. ही बखर लिहिली गेली महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी. आणि लिहिणारा त्या बाळाजी आवजी चिटणीसांचा वंशज, ज्यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. पुढं नाटककारांनी तेच उचललं. राम गणेश गडकऱ्यांसारख्या मोठ्या लेखकाचं 'राजसंन्यास' हे अपुरं राहिलेलं नाटकही त्याच मळलेल्या वाटेनं गेलं. लोकांनी नाटकं बघितली, टाळ्या वाजवल्या आणि तोच इतिहास समजून घरी गेले.

हे चित्र बदललं कुणी? वा. सी. बेंद्रे नावाच्या एका माणसानं. ना त्याच्यामागं जमाव होता ना पक्ष. जवळपास चाळीस वर्षं त्यांनी कागद धुंडाळले. मूळ पत्रं, परदेशी व्यापाऱ्यांच्या नोंदी, फारसी साधनं एकमेकांशी ताडून बघितली. सगळे मानतात ती बखर किती विश्वासाची, ती कधी लिहिली, कुणी लिहिली, लिहिणाऱ्याचा स्वार्थ काय, असे प्रश्न विचारले. आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. मग कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून ते काम पुढं नेलं. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा, एकाच वेळी तीन-चार शत्रूंशी झुंजणारा राजा लोकांना दिसू लागला. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी त्यानंतर आली आणि तिच्यावरचा पिक्चर तर परवा आला.

बेंद्र्यांनी काय केलं? लोकांना आवडणाऱ्या, मान्य असलेल्या एका गोष्टीवर त्यांनी टीका केली. 'सगळे म्हणतात म्हणून खरं' हे त्यांनी नाकारलं. समीक्षक म्हणजे अजून वेगळं काय करतो? तो लहान प्रमाणात करतो, कधी चुकतोही, पण काम त्याच जातीचं आहे. बेंद्र्यांच्या वेळी मोबाइल असता आणि 'आमच्या बखरीला नावं ठेवतो का' म्हणून कुणी त्यांना रात्रंदिवस शिव्या घातल्या असत्या, ते कंटाळून गप्प झाले असते, तर? तर आज आपण तोच बदनाम संभाजी पोरांना शिकवत बसलो असतो. चिकित्सेनं आपल्याला आपला राजा परत दिलाय. त्याच राजाचं नाव घेऊन चिकित्सा करणाऱ्याचं तोंड बंद करायचं, याला काय म्हणावं!

दुसरा रस्ताही आपण वापरून बघितलाय. ३ जानेवारी २०१७ ला पुण्यात संभाजी बागेतला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. राग कशाचा होता ते मला समजतं. 'राजसंन्यास'मधलं चित्रण कुणालाही बोचेल. पण पुतळा पाडल्यानं महाराजांबद्दल एक तरी नवी गोष्ट कुणाला कळली का? ते काम बेंद्र्यांच्या पुस्तकानं छप्पन्न वर्षं आधीच करून ठेवलं होतं. तसंच २०२२ च्या नोव्हेंबरात 'हर हर महादेव'वरून ठाण्यात झालं. इतिहासाची मोडतोड केली, हा आक्षेप कदाचित बरोबरही असेल. पण शो बंद पाडला गेला आणि तिकीट काढून बसलेल्या एका प्रेक्षकानं मार खाल्ला. इथं पिक्चरवर टीका करणारेच हातघाईवर आले होते, हे लक्षात घ्या. तेव्हा मी समीक्षकांची बाजू घेतोय म्हणून टीकेच्या नावाखाली काहीही चालतं, असं माझं म्हणणं नाही. पिक्चर आवडला म्हणून मारणारा आणि आवडला नाही म्हणून मारणारा, दोघंही मला सारखेच.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आपण महाराजांना सुपरहिरो करून त्यांना मोठं करतोय असं आपल्याला वाटतं. सुपरहिरो कधी चुकत नाही, त्याला प्रश्न पडत नाहीत, त्याला कुणी जाब विचारत नाही. संभाजी महाराज तसे नव्हते, आणि म्हणूनच ते मोठे आहेत. १६७८ च्या डिसेंबरात ते दिलेरखानाकडं गेले. वर्षभरात परत आले, वडिलांना भेटले, आणि पुढं त्याच मुघलांसमोर त्यांनी मान झुकवली नाही. ११ मार्च १६८९ ला प्राण दिला. चुकीच्या वाटेवरून परत येऊन असा शेवट करणं हे आकाशातून उडत येणाऱ्या हिरोपेक्षा शंभर पटींनी अवघड आहे. हा भाग जो समीक्षक पिक्चरमध्ये शोधतो, तो महाराजांचा शत्रू कसा?

आपल्या जालन्याचंच घ्या ना. ज्या महिन्यात युवराज दिलेरखानाच्या छावणीतून निसटले त्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर १६७९ मध्ये, शिवाजी महाराजांनी जालना लुटलं. मुघलांच्या ताब्यातली श्रीमंत पेठ होती ती. चार दिवस लूट चालली. परतताना संगमनेरजवळ मुघल फौजेनं गाठलं, मोठी लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले आणि महाराज आडवाटेनं पट्टागडावर पोचले. आपण हे अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण त्या चार दिवसांत आपल्या पेठेतल्या दुकानदाराच्या घरी काय झालं असेल, असं एखाद्या लेखकानं विचारलं तर तो महाराजांचा द्वेष्टा ठरतो का? मला तर वाटतं त्याच प्रश्नातून आपल्या गावाचा इतिहास कुणी तरी लिहील. अजून पुरता लिहिलेला नाही. 'सोने का पालना' म्हणून मिरवतो तेवढंच.

आता शेवटाकडं येतो, म्हणजे जिल्ह्याकडं.

तुम्हाला वाटेल, पिक्चरवाल्यांना शिव्या घातल्या तर काय बिघडतं? बिघडतं असं, की शिवी घालायची सवय पिक्चरपुरती राहत नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात अपहार झाला, चौकशी झाली, तलाठी निलंबित झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या तोंडचा घास पळवला गेला. हे बाहेर आलं कारण कुणी तरी यादी हातात घेऊन विचारलं, की या नावाचा माणूस गावात आहे का, ही जमीन खरंच आहे का. म्हणजे सरकारी यादीचं परीक्षणच केलं की! अशा वेळी विचारणाऱ्याला पहिलं उत्तर काय मिळतं माहितीय? 'किती घेतले?' 'कुणाचा माणूस आहेस?' 'गावाची बदनामी करतो का?' तीच भाषा, तेच शब्द. ही भाषा आमच्या पोरांच्या तोंडात पिक्चरच्या निमित्तानं बसली, की उद्या ती फुकटात कुणाच्या कामाला येणार, सांगा बरं?

माझ्या ओळखीच्या एका तरुण बातमीदारानं फेब्रुवारीनंतर सिनेमावर लिहिणं सोडलं. म्हणाला, "दादा, घरच्यांना ऐकावं लागतं, नको ते." ठीक आहे, पिक्चरवर नाही लिहिलं तर आभाळ कोसळत नाही. पण तोच पोरगा उद्या वाळूवर लिहील? ठेकेदारावर लिहील? मला शंका आहे. भीती एकदा अंगात शिरली की ती विषय बघून येत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. समीक्षकाचं मत पटलं नाही तर जरूर झोडा. पण आधी पिक्चर बघा आणि त्याचं पूर्ण वाचा. मग त्याचं चुकलेलं वाक्य धरा आणि लिहा, की इथं तू चुकलास, हे बघ कारण. जमलं तर त्याच्यापेक्षा चांगलं परीक्षण तुम्ही लिहा. आपल्या बोलीत लिहा, जालन्याच्या थिएटरात बसून लिहा, आपल्या माणसांना काय वाटलं ते लिहा. मुंबईचे समीक्षक आपल्याला विचारत नाहीत ही तक्रार आहे ना? मग त्यावर इलाज हाच आहे. मी माझ्या वॉलवर छापतो, नावासकट. माझ्या मताच्या विरोधात असेल तर आधी छापतो.

त्या मित्राच्या मुलानं रविवारी पिक्चर बघितला. सोमवारी त्याचा लांबलचक मेसेज आला. माझे दोन मुद्दे त्यानं खोडून काढले होते, अगदी प्रसंगानिशी. एका मुद्द्यावर 'काका, हे मात्र बरोबर' असं होतं. एकही शिवी नव्हती. दोनशे कमेंटमध्ये मला मिळालं नव्हतं तेवढं त्या एका मेसेजमध्ये मिळालं. आम्ही अजूनही त्यावर भांडतो, चहाचे पैसे आळीपाळीनं देतो.

शिव्या द्यायच्याच असतील तर कमेंट उघड्या आहेत. वाद घालायचा असेल तर जास्त आनंद होईल. त्याआधी जिल्हा ग्रंथालयात जाऊन बेंद्र्यांचं पुस्तक मागा. मिळालं नाही तर मला सांगा, त्याची बातमी करतो.